काळी पाच

आमच्या शाळेत तंबोरे दोन होते आणि पट्टी एकच. काळी पाच. पेटीवर सप्तकातली पाचवी काळी पट्टी दाबली की जो स्वर वाजतो, तिथे गाणं-नाच-नाटकाची ही निवासी शाळा चालवणाऱ्या बाईंचा सा होता, म्हणून आम्हा सगळ्यांचा सा तिथेच. ज्याने त्याने आपल्या गळ्याला सोसेल तिथे सा धरावा, ही एवढी साधी गोष्ट कुठल्याही गल्लीतल्या गाण्याच्या क्लासात पहिल्या आठवड्यात सांगतात. आमच्याकडे ती सात वर्षांत कुणी सांगितली नाही. माझा गळा मुळात खालचा, काळी तीनचा. हे मला कळलं तोवर माझ्या डोक्यात पांढरे केस आले होते.

गेल्या रविवारी मी शाळेत गेले ती भांडायच्या तयारीनेच. शाळा बंद पडून तीन वर्षं झाली. आता इमारत एका कोचिंग क्लासला द्यायचं ठरलंय, ज्याला जी वस्तू हवी ती त्याने रविवारपर्यंत घेऊन जावी, बाई सोमवारी भाच्याकडे अमरावतीला राहायला जाणार, असा निरोप कुंदाने जुन्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. कुंदा म्हणजे वसतिगृहातली माझी शेजारीण, सेमाडोहच्या फॉरेस्ट गार्डची मुलगी, कथक शिकायची. निरोपाखाली पन्नासेक जणांनी हात जोडलेली चित्रं टाकली. प्रत्यक्ष निघालो आम्ही दोघी. अकोल्याहून दर्यापूरपर्यंत एसटी, पुढे अंजनगावच्या रस्त्याने काळीपिवळी, आणि मग वेचून झालेल्या कपाशीच्या वावरांमधून पायी.

"तू सामान आणाले चालली का भांडाले?" कुंदाने विचारलं. माझा चेहरा तिने एसटीतच ओळखला होता.

"मले काहीच नको. मले फक्त बाईले एकदा सांगायचं हाय, का तुमची पट्टी चुकली."

"आणि त्यायनं मानलं नाही तं?"

"तं गाऊन दाखवतो."

कुंदा हसली. सव्वीस वर्षांत तिने मला गाताना ऐकलं नव्हतं. एका समूहगीताची ओळ सोडली तर कुणीच ऐकलं नव्हतं.

दार उघडलं आणि आधी वास आला. घुंगरांच्या पट्ट्यांचं घामाने कडक झालेलं चामडं, तबल्याची शाई, तंबोऱ्याच्या गवसणीचं कधीही न धुतलेलं जाड कापड, आणि या सगळ्यावर स्वयंपाकघरातून पिढ्यान्‌पिढ्या येत राहिलेली तुरीच्या वरणाची फोडणी. बाहेर कुणीतरी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या, त्याचा धूरही आत आला होता. मी रागाने आले होते, पण नाकाला ते कुठे ठाऊक. नाक सरळ दहा वर्षांचं झालं आणि त्याला भूक लागली.

भूक हीच त्या शाळेची पहिली आठवण आहे, आणि तिला कारण तंबोरा. आमच्याकडे उठायची घंटा नव्हती. पहाटे बाई मोठ्या खोलीत तंबोरा लावायला बसायच्या. तार पिळल्याचा आवाज झोपेत यायचा, वर वर चढत जायचा, मग एकदम सुटायचा, की बाई म्हणायच्या, "हट्!" आणि पुन्हा पहिल्यापासून. थंडीत खुंट्या सटकायच्या. श्रावणात लाकूड फुगायचं, मग त्या फिरायच्याच नाहीत. जोवर दोन्ही तंबोरे लागत नाहीत तोवर चुलीवर चहाचं आधण चढायचं नाही, असा नियम होता. तो कुणी केला, का केला, विचारायची सोय नव्हती. आम्ही पोरी गोधडीत डोकं खुपसून त्या एका तारेसाठी नवस बोलायचो. "लाग वं माय आता," कुंदा पांघरुणातून म्हणायची. तिला तर गायचंही नसायचं, नाचायचं असायचं, पण भूक सगळ्यांची एकच होती.

खाण्याचं तर विचारूच नका. गाणाऱ्यांना दही बंद, लोणचं बंद, चिंच बंद, बोरं बंद. आणि संत्री बंद! अमरावती जिल्ह्यात राहून संत्री बंद म्हणजे काय, ते ज्याने भोगलं त्यालाच कळावं. मोर्शीकडच्या एका मुलाच्या घरून हंगामात पोतंभर संत्री यायची. बाई ती सगळीच्या सगळी नाटकाच्या मुलांना वाटून टाकायच्या. "नाटकवाल्याइच्या घशाले काही होत नाही," म्हणायच्या. मग ते लेकाचे आमच्यासमोर ओट्यावर बसून एकेक फोड सोलायचे, बिया आमच्याकडे उडवायचे, आणि त्या सालींचा वास सबंध दुपार व्हरांड्यात दरवळायचा. बरं, प्यायला पाणी कसलं, तर खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं, साबणाला फेस न येणारं. घसा बिघडायचा असता तर त्या पाण्याने कधीच बिघडला असता. पण पाण्यावर बाईंचा आक्षेप नव्हता.

दुपारी गावातल्या हायस्कुलात गणित, भूगोल, आणि चारला परत आलो की ज्याची त्याची खोली. एका खोलीत कथकचा तत्कार, एकात संवाद, एकात तबला, आणि मधल्या मोठ्या खोलीत आम्ही. भिंती पातळ. "महाराज, घात झाला!" असं पलीकडून कुणीतरी दहाव्यांदा ओरडत असायचं आणि इकडे आम्ही यमनाचा तीव्र मध्यम शोधत असायचो. अजूनही तो मध्यम ऐकला की कुणाचा तरी घात झाल्यासारखं मला वाटतं. मार्चनंतर खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागायचे. त्यांच्यावर पाणी मारायची पाळी ज्याची असेल तो नशीबवान, कारण त्याला तेवढा वेळ गावं लागायचं नाही.

हो, गावं लागायचं. शब्द जपून वापरते आहे मी. काळी पाचमध्ये ज्यांचा गळा आपसूक बसायचा अशा दोन-तीन पोरी असायच्याच, त्या गायच्या. बाकीच्यांना ते लागायचं. मानेच्या शिरा ताठ, हनुवटी वर, डोळ्यांत पाणी. बाई मांडीवर तंबोरा घेऊन डोळे मिटून बसलेल्या. आपला आवाज खाली घसरला की डोळे न उघडता त्यांचा एकच शब्द यायचा, "चढव." सात वर्षांत मला त्यांनी स्वर चुकला असं कधी सांगितलं नाही, लय सुटली असंही नाही. फक्त चढव. तिथपर्यंत पोचण्यातच माझा सगळा जीव जायचा, पुढचं शिकवायला उरायचंच काय?

मुलग्यांचे हाल तर निराळेच. मिसरूड फुटली, आवाज फुटला, की तो मुलगा काळी पाचातून कायमचा बाद. मग बाई त्याला तबल्यावर नाहीतर नाटकात टाकायच्या. एरवी सगळीकडे आवाज फुटल्यावर पुरुषांची पट्टी खाली घेतात, हे त्यांना माहीत नसेल असं कसं म्हणू? पण तंबोरा काही उतरला नाही. आजही वऱ्हाडात एखाद्या भजनाला मी गेले, आणि तबल्यावर बसलेला पन्नाशीतला माणूस गाणाऱ्याच्या तोंडाकडे जरा जास्तच टक लावून बघतो आहे असं दिसलं, की मला शंका येते. दोनदा विचारलंसुद्धा. दोन्ही वेळा आमच्याच शाळेचा निघाला.

उन्हाळ्यात मी अकोल्याला घरी जायची. माझे बाबा कृषी विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस होते. संध्याकाळी वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर ढोलकी घेऊन बसायचे आणि भीमगीतं म्हणायचे. आवाज खालचा, रुंद, पोटातून येणारा. शाळेत जाण्याआधी मी त्यांच्या मांडीला मांडी लावून त्यांच्याबरोबर गायची आणि मला कधीच काही लागलं नाही, दुखलं नाही. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी त्यांच्या शेजारी बसून तोंड उघडलं, तर त्यांनी ढोलकी थांबवली.

"एवढं वर काहून गाते वं? इथं कोणी बहिरं नाही."

"बाबा, ही काळी पाच आहे," मी ऐटीत म्हटलं.

काळी पाच म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण शास्त्रीय गाण्यात आपल्या घरातलं कुणीतरी गेलंय आणि पाचव्यापर्यंत पोचलंय, असा अर्थ त्यांनी लावला. पहिली, दुसरी, तिसरी करत पोर एका वर्षात पाचवीत. त्यांनी वस्तीभर सांगितलं. किराणा दुकानात, प्रयोगशाळेत, बुद्धपौर्णिमेच्या पंगतीत. "माही पोरगी काळी पाचात गाते." पुढच्या वर्षी त्यांनी आशेने विचारलं, "आता सहावी का?" मी त्यांना खरं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, पाचच्या वर नसते. त्याने तर ते आणखीच खूश झाले.

मी सतरा वर्षांची असताना शाळेचा कार्यक्रम अकोल्याला झाला. माझ्या गावात, म्हणून मला एकटीला भूप दिला. तिसऱ्या रांगेत बाबा होते, पांढरा कडक शर्ट घालून, दोन्ही बाजूंना प्रयोगशाळेतली माणसं घेऊन. मागे बाई तंबोऱ्यावर. पहिली दहा मिनिटं मी ओढून नेली. मग तानेत वरच्या गंधाराला जायचं होतं. मागून हलकेच आलं, "चढव." मी चढवला आणि आवाज फाटला. खोकला नाही, घसरणं नाही. जुन्या लुगड्याला खिळा लागावा तसा टर्रकन फाटला, आणि माईकने तो शेवटच्या रांगेपर्यंत नेला. लोक भले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला अजूनही राग येतो.

लुनावरून आम्ही घरी निघालो. रेल्वेच्या पुलापाशी बाबा म्हणाले, "आवाज बसला होता का?"

"हो. दही खाल्लं होतं."

"मंग काहून खाल्लं बाप्पा," ते म्हणाले. बस, एवढंच. त्यानंतर मी घरी असले की आमच्याकडे दही लागायचं नाही. आई चिडायची, पण बाबा ऐकायचे नाहीत. मी शाळा सोडली, डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, लग्न झालं, तरी माहेरी माझ्यासमोर दही यायचं नाही. मला पुन्हा गाता येईल अशी आशा ते तसं राखून होते, हे मला कळत होतं, आणि मी गात नव्हते. माझ्या मुलाला मी अंगाईसुद्धा म्हटली नाही. मोबाइलवर लावून दिली.

दोन वर्षांपूर्वी आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एक नवे सर बदलून आले. पेटी वाजवणारे. समूहगीत बसवायचं होतं. ते म्हणाले, "मॅडम, पोरांले एवढं वर नाही जमत, आपण काळी तीनातून घेऊ. तुम्ही जरा पहिली ओळ म्हणा, पोरं मांगून म्हणतीन." मी नाही नाही म्हणत तोंड उघडलं. आवाज आला. न ओढता, न दुखता, रुंद, पोटातून. बाबांचा आवाज होता तो, फक्त बाईमाणसाचा. पोरं वळून माझ्याकडे बघायला लागली. मी शाळेमागच्या लिंबाखाली जाऊन खूप रडले आणि मग मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. बाबा त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. माझा आवाज फाटला नव्हता, चुकीच्या जागी ताणला गेला होता, हे त्यांना ऐकवायचं राहूनच गेलं. त्या दिवशीचं गाणं ज्यांच्या लक्षात असेल अशा आता बाईच उरल्या होत्या. आणि त्याही सोमवारी जाणार होत्या.

तर त्या बाई मागच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. ऐंशी कधीच ओलांडलेली, हात बारीक, बोटं वाकडी. चष्म्यातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अकोल्याची ना तू? आवाज फाटला होता तुहा."

सव्वीस वर्षांनी भेटलेल्या माणसाशी बोलायला सुरुवात करायची ही रीत! माझ्या मनातली सगळी तयार वाक्यं पळाली. कुंदाने तोंडाला पदर लावला आणि घुंगरं शोधायच्या निमित्ताने शेजारच्या खोलीत गेली.

"फाटला नव्हता बाई," मी म्हणाले. "काळी पाच माही पट्टीच नव्हती. माही काळी तीन होती. सात वर्स तुमी मले भलत्या पट्टीत गायले लावलं."

त्या नाकारतील, रागावतील, आमच्या काळी असंच होतं म्हणतील, सगळ्याची उत्तरं माझ्याकडे होती.

"मले मालूम होतं," बाई म्हणाल्या.

"मालूम होतं? मंग काहून?"

"माही बी नव्हती ते." त्या हे इतक्या सहज म्हणाल्या की मला आधी कळलंच नाही. "माह्या गाण्याच्या ताईंची होती. अमरावतीले मी त्यायच्यापाशी नऊ वर्स काढले. त्यायनं सांगतलं होतं, याच्या खाली गेली तं थे गाणं नसते, रडणं असते. मंग मी गेलीच नाही खाली."

"मंग तुमची कोणती?"

"काय मालूम."

भांडायला यावं आणि समोरच्या माणसाने आपल्याच बाजूला येऊन बसावं, याच्याइतका वैताग दुसरा नाही. आता मी रागावू कुणावर? त्या ताईंवर? त्यांना कुठे शोधू? माझे बाबा जिचं नाव अभिमानाने घेत फिरले ती पट्टी इथे कुणाचीच नव्हती. मला ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तंबोरा आण. उतरवून पाहू."

एक तंबोरा कुणीतरी आधीच नेला होता. उरलेला कोपऱ्यात उभा होता. मी गवसणी काढली, खाली बसले, खुंटीला हात घातला. बाईंच्या बोटांत आता तेवढं बळ नव्हतं. तारांवर गंज चढला होता, तरी धरून होत्या. खुंटी करकरली आणि एकेक तार सैल व्हायला लागली. मी फोनवरच्या पेटीवर स्वर पाहत होते. काळी चार गेली. बाई बघत होत्या, कुणी आपल्या देखत घराचं दार उतरवावं तशा. काळी तीनपाशी मी थांबले. खरं सांगायचं तर स्वार्थाने थांबले. बाईंचा गळा या वयात कदाचित अजून खालचा असेल. पण इथे माझा सा होता, आणि इथून खाली जायची माझी तयारी नव्हती.

बाईंनी डोळे मिटले आणि सा लावला. घोगरा, कापरा, पण भरीव. या खोल्यांमध्ये असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. शेजारच्या खोलीत कुंदाची खुडबुड थांबली. बाईंनी श्वास घेतला, पुन्हा सा लावला, आणि अर्ध्यातच सोडला. डोळे उघडून त्यांनी आजूबाजूला पाहिलं.

"हे कोण गायलं?"

"तुमीच बाई."

"नको वं," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ती भीती होती. "नको. चढव परत."

खुंटीवर माझा हात होता. या घरात मी त्यांना कधीच ‘नाही’ म्हटलं नव्हतं.

"नाही चढवत," मी म्हणाले, आणि भूप सुरू केला.

किती वेळ गायले, सांगता येणार नाही. सा धरला आणि तो होता तिथेच राहिला, मला त्याला धरून ठेवावं लागलं नाही. आलाप झाला, बंदिश झाली. तान घेतली, आणि वरचा गंधार येऊन गेला हे मला तो गेल्यावर कळलं. बाबा असते तर, असं एकदा मनात आलं, तरी आवाज चालत राहिला. कुंदा दारात उभी होती, एका हातात एकच घुंगरू घेऊन. मी थांबले. तंबोरा वाजत ठेवला, कारण तो थांबवला की कुणीतरी काहीतरी बोलणार, आणि काय बोलणार याची मला धास्ती वाटत होती.

बाई खुर्चीत पुढे झुकल्या होत्या.

"धैवत उतरला तुहा," त्या म्हणाल्या. "पुन्हा घे."

मला इतका संताप आला! सव्वीस वर्षांनी गायले, आणि या बाईला त्यात धैवत ऐकू आला.

"बरोबर होता बाई."

"नव्हता. घे पुन्हा."

मी दात-ओठ खाल्ले आणि पुन्हा घेतला. खरंच उतरला होता.